इयादत एकदाच का?

आजाराची बातमी आमच्या गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. २०२१ चा ऑगस्ट होता. बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला त्या संध्याकाळपासून घरी माणसं यायला लागली, ती आठ दिवस येत राहिली. माझ्या मुलीने कप धुताधुता हिशेब ठेवला होता: बेचाळीस माणसं. कुणी सफरचंदं आणली, कुणी जमजमचं पाणी. एक खाला पुण्याहून गाडी करून आल्या आणि दारातच त्यांना असं रडू फुटलं की मीच त्यांना बसवून पाणी दिलं.

पुढे ऑपरेशन झालं, आठ किमो झाल्या, मग रेडिएशन, ज्याला आमच्याकडे सगळे ‘शेक’ म्हणतात. २०२२ च्या मार्चमध्ये शेवटचा शेक झाला. त्या दिवशीही थोडी गर्दी जमली, पेढे वाटले गेले. “मुबारक हो बाजी, जंग जीत ली आपने.” त्यानंतर कुणी आलं नाही. का येतील? त्यांच्या लेखी विषय संपला होता. माझी झोप गेली ती नेमकी त्याच आठवड्यात.

हे कुणाविषयी तक्रार म्हणून लिहीत नाही. ती बेचाळीस माणसं मनापासून आली होती, आणि दुसऱ्याच्या आजारात मीही आजवर हेच करत आले आहे. एकदा जायचं, फळं ठेवायची, दुआ द्यायची आणि निघायचं. आता दुसऱ्या बाजूला बसल्यावर काही गोष्टी कळल्या, त्या सांगाव्यात असं वाटतं.

उपचार चालू असतात तेव्हा एक वेळापत्रक असतं. कोणत्या तारखेला रक्त तपासायचं, कोणत्या तारखेला सलाईन, किती दिवस उलट्या, मग पुन्हा तारीख. घाबरायलाही सवड नसते. ते संपलं की मोकळं मैदान. दर सहा महिन्यांनी तपासणीला या, एवढंच सांगितलेलं. मग पाठ दुखली तरी वाटतं, हाडात तर गेलं नसेल? तपासणीच्या आधीचे आठ-दहा दिवस घरात कुणी नीट बोलत नाही. त्या दिवसांत मी वर्गात नववीच्या मुलांवर विनाकारण ओरडते. नंतर त्यांनाही तारखा पाठ झाल्या. शिवाय उपचार संपले हेही खरं नाही. रोज सकाळी टॅमॉक्सिफेनची एक गोळी आहे, ती पाच वर्षं तर नक्कीच, कदाचित जास्त. काखेतल्या गाठी काढल्यामुळे उजवा हात सुजतो. फळ्यावर दहा ओळी लिहिल्या की जड होतो. पूर्वी अख्खा तास लिहायची, आता मुलांकडून लिहून घेते. शिक्षकाचा लिहिता हात असा व्हावा, हे दुःख फार मोठं नाही हे मला कळतं. पण आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. आजाऱ्याला भेटायला जाणं याला आमच्यात इयादत म्हणतात, आणि हा शब्द मी कित्येक वर्षं नुसताच अर्थ सांगून पुढे नेत आले. आजारपणात एकदा शब्दकोश चाळताना थांबले. शब्द अरबी आहे, ऐन-वाव-दाल या धातूचा, आणि त्या धातूचा अर्थ आहे परतणं, पुन्हा येणं. दरवर्षी परत येते ती ईद त्याच घराण्यातली. पुन्हा पुन्हा केल्याने लागते ती आदतही तिथलीच. म्हणजे इयादत या शब्दाच्या पोटातच पुन्हा येणं आहे. एका मुसलमानाचे दुसऱ्यावर जे हक्क सांगितले आहेत, त्यांत सलामाचं उत्तर देणं आणि जनाजासोबत चालणं यांच्या जोडीला हीही आहे. जनाजा एकदाच असतो. आपण इयादतही तशीच उरकतो, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे कॅन्सर म्हटलं की माणसं इयादतीला नव्हे, पुरशाला आल्यासारखीच बसतात. हळू आवाजात, डोळे पुसत, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत.

मराठीत याला विचारपूस म्हणतात, तोही सुंदर शब्द. त्यात विचारणं आहे. बेचाळीस जणांनी विचारलं ते “कैसा हुआ?”, “कब मालूम पडा?”, “कौनसा स्टेज?” तुला भीती वाटते का, असं एकानेही विचारलं नाही. आणि मी रडायला लागले की ठरलेलं उत्तर यायचं: “सब्र करो बाजी, आजमाइश है.”

सब्रवर माझं ईमान आहे, म्हणूनच हे लिहिते. कुरआनात हजरत याकूब (अ.) यांची कहाणी आहे. यूसुफ हरवल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या तोंडी जो सब्र येतो, त्याला सुंदर सब्र म्हटलं आहे. आणि तेच याकूब (अ.) मुलाच्या दुःखाने डोळे पांढरे पडेपर्यंत झुरले, हेही त्याच सूरेत आहे. आपलं गाऱ्हाणं त्यांनी अल्लाहपाशी उघड मांडलं. प्रेषित मुहम्मद (स.) आपला छोटा मुलगा इब्राहीम याच्या मृत्यूवर रडले, आणि हे कसं, असं विचारणाऱ्याला त्यांनी ही दया आहे असं समजावलं. मग आमच्या दिवाणखान्यात सब्रचा अर्थ ‘गप्प बस’ असा कधीपासून झाला? समोरच्याचं रडणं आपल्याला सहन होत नाही म्हणून आपण त्याला सब्र सांगतो. यात सब्र कुणाचा सुटलेला असतो?

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला रमजान आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वर्षी रोजे नाहीत. लहानपणापासून आजार सोडून एकही चुकवला नव्हता. घरात सगळे सहरीला उठायचे आणि मी पांघरुणात जागी पडून भांड्यांचे आवाज ऐकायची. अशात नात्यातल्या एकांनी मायेनेच सांगितलं, “फिदया दे दो, दिल पे मत लो.” बिगरमुस्लिम वाचकांसाठी सांगते. आजारी माणसाला रोज्यांची सूट आहे, पण बरा होणाऱ्याने ते नंतर भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. फिदया, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण, हे ज्याच्या बरं होण्याची आशा उरली नाही त्याच्यासाठी. त्यांच्या मनात तसं काही नसेल. मी मात्र ऐकलं ते हेच, की मी आता बरी होणार नाही असं घरात ठरलं आहे. दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. शेवटी नवऱ्याने मशिदीच्या इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी आधी उलट विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? डॉक्टर म्हणतात पुढच्या वर्षी बघू. “तो फिर कजा रखेंगी, इन्शाअल्लाह. फिदये की बात क्यूँ?” धर्माचा एक साधा मसला, पण त्या दिवसांत त्याहून मोठा दिलासा मला कोणत्याही गोळीने दिला नाही. म्हणून वाटतं, कॅन्सरच्या रुग्णाशी बोलणाऱ्या समुपदेशकाला त्याच्या घरातल्या अशा शब्दांचं वजन माहीत हवं, आणि इमामांना त्याच्या गोळ्यांचं थोडं तरी.

लपवण्याविषयीही बोललं पाहिजे. केस गेले तेव्हा ओढणीखाली कुणाला दिसले नाहीत. सुरुवातीला हे बरं वाटलं, नंतर लक्षात आलं की यामुळे लपवणं फार सोपं झालं. शाळेत मी सांगितलं तर स्टाफरूममध्ये माझा कप न बोलता वेगळा ठेवला गेला. शिकलेली माणसं, बीएड झालेली. कॅन्सर उष्ट्याने पसरत नाही हे त्यांना सांगायला मला महिना लागला, कारण सांगताना आवाज कापायचा. आणि घरातून सल्ला आला तो मुलीचा. ती आता वीस वर्षांची आहे. “निस्बत ठरेपर्यंत बाहेर बोलू नका, ‘खानदान में है’ म्हणतील.” हे फक्त आमच्यात नाही, मराठी, मारवाडी शेजारणींनीही मला हेच कानात सांगितलं. स्तनाचा कॅन्सर काही घराण्यांत आनुवंशिक असतो, पण बहुतेक बायकांचा तसा नसतो. मुलीला मी डॉक्टरांसमोर बसवून हे विचारून घेतलं. मग ती म्हणाली, “अम्मी, लपवून जमलेलं स्थळ मला नको. तुम्ही तुमच्या नावाने लिहा.” हा लेख त्यामुळे आहे.

आता काकांविषयी. गुलमंडीवर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कापडाचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना काका म्हणते. माझ्या मुलीच्या सातव्या दिवसाच्या झबल्याचं कापड त्यांचंच. ज्यांनी गुलमंडीत खरेदी केली आहे त्यांना माहीत आहे, तिथे दुकान चालतं ते जिभेवर. “या ताई, बसा, घेऊ नका, नुसतं बघा.” काकांची जीभ तर बाजारात प्रसिद्ध. त्यांना माझ्या वर्षभर आधी तोंडाचा कॅन्सर निघाला. डाव्या बाजूचा जबडा काढला, छातीचं मांस लावून गाल भरला. जीव वाचला. आता ते मागे गल्ल्यापाशी बसतात, पुढे मुलगा असतो. बोललेलं नव्या माणसाला कळत नाही, खाताना ओघळतं, म्हणून लग्नाच्या पंगतीला जाणं त्यांनी सोडलं. त्यांना भेटायला येणारे आधी काय म्हणतात? “गुटखा खाताना कळलं नाही का?” महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या आजही मिळतात, पण अपराधी काय ते एकटे काका. स्वतःला तर ते रोज फटके मारतातच. बाकीच्यांनी कशाला हातभार लावायचा?

काका कधीकधी शरद पवारांचं उदाहरण देतात. २००४ मध्ये त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला, आणि सुपारी-तंबाखूची सवय नडली हे त्यांनी पुढे लोकांसमोर अनेकदा सांगितलं. ज्याचं पोटच बोलण्यावर आहे असा माणूस तोंडाच्या आजारानंतर पुन्हा उभा राहून बोलतो, काकांना याचं कौतुक. आर. आर. आबा २०१५ मध्ये याच आजारात गेले, ते नाव मात्र ते काढत नाहीत. मीही काढत नाही.

शेवटच्या शेकानंतर महिन्याभराने मी दुकानावरून जात होते. काकांनी हाताने बोलावलं, बसवलं, आणि बिलबुकाचं पान उलटं करून लिहिलं: रात्री झोप लागते का? बस. मी दुकानातल्या बाकावर बसून रडले, गिऱ्हाईक बघत होतं तरी. काकांनी विक्रीचा एक रुमाल पुढे केला आणि पुन्हा लिहिलं: मलापण नाही. त्या दिवसापासून आठवड्यात एकदा तरी मी तिथे बसते. आम्ही आजाराविषयीच बोलतो असं नाही, सुताच्या भावाविषयीही बोलतो. पण तपासणीची तारीख जवळ आली की तो ओळखतो, मी ओळखते.

काकांनी जे केलं ते मुंबईत आधीपासून रीतसर चालतं. वंदना गुप्ता या स्वतः कॅन्सरमधून उठल्या आणि १९९४ मध्ये त्यांनी व्ही केअर ही संस्था काढली. टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांशी तिचे कार्यकर्ते बोलतात, आणि त्यांच्यातले अनेक जण स्वतः त्या आजारातून गेलेले असतात. इंडियन कॅन्सर सोसायटीने २००९ मध्ये लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या मुलांचा ‘उगम’ नावाचा गट बांधला. हे सगळं परळच्या आसपास. आमच्या भागातला माणूस पूर्वी टाटाला नाहीतर बार्शीला जायचा. २०१२ पासून छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि मराठवाड्याची मोठी सोय झाली आहे. गुलमंडीहून रिक्षाने किती, दहा-पंधरा मिनिटं. औषध जवळ आलं हे खरं. मनाला विचारणारं माणूसही तेवढंच जवळ यायला हवं, आणि हे मी सगळ्याच रुग्णालयांबद्दल म्हणते, सरकारी आणि खासगी.

माझे उपचार कुठे झाले ते मुद्दाम सांगत नाही, कारण हे एका ठिकाणचं दुखणं नाही. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, म्हणाले छान आहे. मी म्हटलं, सर, झोप येत नाही, सारखं रडू येतं. ते म्हणाले, “आता कशाला रडता? बऱ्या झालात ना.” बाहेर सत्तरेक माणसं रांगेत होती. त्या माणसाने माझा जीव वाचवला आहे, त्यांना वाईट कसं म्हणू? पण हे विचारणं त्यांच्या एकट्याच्या गळ्यात टाकूच नये. अमेरिकेत जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅन्सर रुग्णालयात हा विभाग उभा केला. तिकडे आता थर्मामीटरचं चित्र काढलेला एक कागद वापरतात. शून्य ते दहा, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला तिथे खूण करा. चार किंवा जास्त असेल तर पुढे बोलायला पाठवतात. यासाठी कोणतं मशीन आयात करायचं आहे? वजन आणि बीपी बघणारी सिस्टर हा कागदही भरून घेऊ शकते, मराठीत आणि उर्दूत. मराठवाड्यात शेतकऱ्यांसाठी सरकारने प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात आशाताई घरी जाऊन मनाचे प्रश्न विचारतात. शेतकऱ्याच्या बाबतीत जे पटलं ते कॅन्सरच्या रुग्णाच्या बाबतीत पटायला इतका वेळ का लागावा?

मी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले ते आठ महिन्यांनी, आणि चोरून. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून पैठण गेटपर्यंत चालत जाऊन रिक्षा केली. “पागलों का डॉक्टर” ही आमची भाषा. दहाव्या शतकात वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर पुस्तक लिहिलं होतं आणि वैद्य फक्त शरीराकडे बघतात अशी तक्रारही केली होती. अकराशे वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एका आलिमाला जे कळलं त्यासाठी मी तोंड लपवून रिक्षात बसले. एक कामाची गोष्ट सांगते: नैराश्यावरच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा असर कमी करतात. म्हणून मनाच्या डॉक्टरांना कॅन्सरच्या गोळ्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना मनाच्या गोळ्या दाखवा. मी दाखवल्या, त्यांनी वेगळी गोळी निवडली, दीड महिन्यात झोप आली. आणि ज्यांना जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

मोहल्ल्याने काय करावं, हे केरळकडून शिकावं. कोळिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे त्यांनी शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवून दर आठवड्याला रुग्णाच्या घरी पाठवायला सुरुवात केली. मुस्लिमबहुल मलप्पुरम जिल्ह्यात हे जाळं फार दाट आहे. विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी जातात, जखम धुतात, बसतात, बोलतात. पैसा छोट्या छोट्या देणग्यांतून उभा राहतो. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरणच केलं. मला हे वाचताना वाटलं, ही तर इयादत आहे, फक्त हजेरीपट घेऊन केलेली. आमच्याकडे बैतुलमाल आहेत, जकातीतून ऑपरेशनचे पैसे देतात, अल्लाह त्यांना जजा देवो. पण पैसे दिल्यावर सहा महिन्यांनी त्या घरी जायचं हे कुणाच्या वहीत लिहिलेलं नसतं. बायकांच्या दर आठवड्याच्या इज्तेमात दोन जणींना हे काम द्यायला काय हरकत आहे? जाऊन नसीहत करायची नाही, कुणाच्या मावशीचं काय झालं ते सांगायचं नाही. तारीख विचारायची, हवं तर सोबत जायचं, मुलांचा डबा करायचा. रडली तर रडू द्यायचं.

आमचं त्या दुकानातलं बसणं आता चौघांचं झालं आहे. जुन्या बाजारातली एक मुलगी येते, तिच्या अब्बांची किमो चालू आहे आणि ती घरी कुणासमोर रडत नाही. एक निवृत्त तलाठी येतात, ते येऊन नुसते पेपर वाचतात, तेही चालतं. गिऱ्हाईक आलं की आम्ही सरकून बसतो.

माझी पुढची तपासणी १८ तारखेला आहे, काकांची १७ ला. दोन्ही दिवस सोबत यायचं काकूंनी आपणहून ठरवलं आहे. डबा मी द्यायचा आहे. काकांसाठी पातळ खिचडी, तिखट अजिबात नाही, आणि वेगळा चमचा, कारण मोठा चमचा त्यांच्या तोंडात जात नाही.